नाणेफेकीचा मान

मॅचच्या दिवशी तो सकाळपासून एक अक्षर बोलत नसे. चहा हवा का विचारलं तर मान हलवायचा, पाण्याची मोटार बंद कर म्हटलं तर अंगठा दाखवायचा, आणि सिलिंडरवाला दारात येऊन कितीही बोंबलला तरी हा आपला भिंतीला टेकून शांत बसलेला. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, स्वारी कशावरून तरी रागावली आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाला, "राग कसला वैनी? कबड्डीत सगळं दमावर असतंय की. सकाळपासून बडबड करून तो घालवला तर चढाईला काय उरणार?" मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या बाईला हे असं तोंडावर सांगायचं म्हणजे कमालच होती. पण त्याच्या बोलण्यात टोमणा कधी नसायचा. वाटतं ते सांगून तो मोकळा व्हायचा आणि आपल्याला लागलं तर आपणच कुढत बसायचं.

आमचं गाव भिवंडीपासून खाडीच्या अंगाला, अंजूरच्याही पुढे. पूर्वी इथे भात पिकायचं, आता गोदामं पिकतात. जमिनी गेल्या, पैसा आला, आणि त्या पैशातून ज्याने त्याने चार-चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या. आमच्याही आहेत, घराच्या मागच्या बाजूला. त्यातल्या शेवटच्या खोलीत तो राहायचा. दिवसा एका गोदामात नोकरी आणि बाकी सगळा वेळ कबड्डी. खरं तर नोकरीसुद्धा कबड्डीमुळेच मिळालेली. त्या गोदामाच्या मालकाला खेळाचं वेड होतं, त्याने कंपनीचा संघ काढला होता आणि चांगले खेळाडू हुडकून पगारावर ठेवले होते.

तो रंगाने काळा होता. लग्नाच्या जाहिरातीत ज्याला आपण सावळा म्हणून खपवतो तसा नव्हे, खराखुरा काळा. केस बारीक कुरळे, खांदे दाराच्या चौकटीला घासतील इतके रुंद. कर्नाटकातल्या हल्याळकडच्या जंगलातला सिद्दी. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून ज्यांना शेकडो वर्षांपूर्वी इकडे आणलं, त्यांचा वंशज. घरात कोकणी, शाळेत मराठी, बाजारात कानडी अशी त्याची वाटणी होती. आमच्या गावाला सिद्दी ठाऊक होता तो फक्त इतिहासाच्या पुस्तकातला, जंजिऱ्याचा. तो राहायला आला त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडे सिद्दी आलाय ना, तो आपल्या बाजूचा की शत्रूच्या?" मी तिला खाली बसवलं. संध्याकाळी त्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "सांगा तिला," म्हणाला, "सध्या तुमच्या सासऱ्यांच्या बाजूचा."

पुस्तकातला सिद्दी तरी आपल्या देशातला होता. बाकीच्यांच्या दृष्टीने हा थेट विमानातून उतरलेला. नाक्यावरचे रिक्षावाले त्याला बघितलं की "हॅलो ब्रदर, व्हेअर गो?" अशी सुरुवात करत. मग हा अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगायचा, "अंजूरफाट्याला जायचंय दादा. शेअरला किती घेणार, आणि पुढं बसवणार की मागं?" समोरचा जेवढं इंग्रजी फाडेल तेवढं ह्याचं मराठी शुद्ध होत जायचं. एका दुकानात मोबाइलचं सिमकार्ड घ्यायला गेला तर दुकानदाराने पासपोर्ट मागितला. हा म्हणाला, "माझा परदेश म्हणजे भिवंडीच. इथं यायला एसटी लागली, पासपोर्ट नाय लागला." दुकानदार म्हणे एवढा गोंधळला की म्हणाला, "मराठी बहोत अच्छी बोलते हो आप." ही स्तुती त्याला आयुष्यभर जेवढ्या वेळा ऐकावी लागली तेवढ्या वेळा कुणी त्याला जेवलास का म्हणून विचारलं नसेल.

एकदा कुठेतरी परदेशी लोकांची तपासणी निघाली आणि कुणा भल्या माणसाने याच्याकडे बोट दाखवलं. अख्खी दुपार चौकीत बसवून ठेवलं. सासरे जाऊन घेऊन आले. दुसरा कुणी असता तर त्या रस्त्याने पुन्हा गेला नसता. याने उलटंच केलं. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला पांढरा शर्ट इस्त्री करून घालायचा आणि स्वतःच्या पायांनी चौकीत जाऊन उभा राहायचा. "मी आलोय. बघून घ्या." पहिल्या एक-दोन महिन्यांत त्यांनी हाकलून दिलं, मग चहा पाजायला लागले, मग हवालदार हात जोडून म्हणाले, "बाबा रे, आता नको येऊस, आम्ही ओळखतो तुला." तरी हा जायचाच. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाला, "बदली होतीय की त्यांची. नवीन माणसाला परत पहिल्यापासून सांगायला लागतंय. त्यापेक्षा तोंड दिसत राहिलेलं बरं." गावात हा किस्सा सगळे रंगवून सांगत आणि हसत. मला कधी हसू आलं नाही.

त्याच्या केसांना हात लावून बघावा असं प्रत्येक पोराला वाटे. पोरांचं सोडा, मोठी माणसंही ओळख झाली की काही तरी निमित्त काढून त्याच्या डोक्यावर हात फिरवत, जत्रेतल्या बैलाला फिरवावा तसा. मोठ्यांना तो काही बोलत नसे, नुसता बाजूला सरके. पोरांसाठी मात्र त्याने कायदा केला होता. डोक्याला हात लावायचा असेल तर आधी पाढा म्हणायचा. सुरुवातीला बाराचा चाले. मग दर वाढला आणि एकोणिसावर गेला. एकोणतीसचा म्हणणाऱ्याला दोन्ही हात लावायची परवानगी होती. मी वर्षानुवर्षं घसा फोडून जे पाठ करून घेऊ शकले नाही ते त्या वर्षी माझ्या वर्गाने आपणहून पाठ केलं. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी माझं कौतुक केलं आणि मी ते निमूटपणे घेतलं. श्रेय कुणाचं हे साहेबांना सांगायचं तर फार मोठी गोष्ट सांगावी लागली असती.

माती ही त्याची दुसरी चौकी. गावच्या मैदानात तो चप्पल घालून कधी पाय ठेवत नसे. स्पर्धेच्या आधी आठवडाभर ड्युटीवरून आला की माझी पीठ चाळायची जुनी चाळण घेऊन जायचा आणि मैदानाची लाल माती चाळत बसायचा. खडा निघाला की तो उचलून बघायचा, जणू काही त्याचा जबाब घ्यायचाय. हल्ली मोठे सामने मॅटवर होतात. त्याला मॅट अजिबात पटत नसे. "चटई निजायला असतीय वैनी. खेळायला माती." कंपनीसाठी तो मॅटवर खेळायचाच, पण घरी आला की पाय धुताना असा चेहरा करायचा की जणू परक्याच्या घरी न विचारता झोपून आलाय.

आता माझ्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. गावात त्यांना सगळे दादा म्हणत. तरुणपणी ते नावाजलेले चढाईपटू होते आणि पुढे गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष झाले ते कायमचेच. दादांनी त्याला पहिल्यांदा बघितलं ते पडघ्याच्या स्पर्धेत. कंपनीचा प्रशिक्षक त्याला कोपऱ्यात उभा करायचा. "पकडीला ठेवा, बैलाची ताकद आहे," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा, आणि पुढे हळूच, "चढाईला डोकं लागतं." संघातली पोरंसुद्धा हेच धरून चालली होती की याचं काम आडवं पडायचं. दादा त्या दिवशी घरी आले आणि जेवताना घास हातात धरून बसले. "त्या गाढवाला दिसत न्हाय," ते म्हणाले, "त्यो पोऱ्या उभा ऱ्हातो कोपऱ्यात, पन समोरचा कुठं पाय टाकनार ह्ये त्याला आधी समजतंय. डोका हाय त्याला. आपल्यांत कोनाला न्हाय येवरा डोका."

स्थानिक स्पर्धेत मंडळाकडून खेळायचं तर गावचा रहिवासी असावं लागतं. म्हणून दादांनी त्याला आमची खोली दिली. गल्लीतल्या दोघातिघांनी येऊन कुजबुज केली, बायकापोरींचं घर आहे वगैरे. दादांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. पुढचं सगळं वर्ष ते त्याला घेऊन मैदानात असत. गुडघे दुखत असताना स्वतः उभे राहून दाखवायचे, हात कसा टाकायचा, नजर कुठे ठेवायची, बचाव कसा चकवायचा. म्हातारा त्याच्यावर ओरडायचा, शिव्या द्यायचा, आणि संध्याकाळी मला सांगायचा, "सुनबाय, त्याच्याकरता मटनातला नल्लीचा तुकडा ठेव." माझ्या नवऱ्याला, म्हणजे पोटच्या पोराला, नल्ली कधी अशी राखून ठेवल्याचं मला आठवत नाही. दादांचं त्याच्यावर प्रेम होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

पहिल्या मोसमात तो चढाईपटू म्हणून उतरला तेव्हा बाहेरच्या एका गावात जे झालं ते अजून लोक मोबाइलवर काढून बघतात. मीही गेले होते. याने मध्यरेषा ओलांडली की प्रेक्षकांतून माकडांचे आवाज सुरू व्हायचे. कुणी तरी केळं टाकलं. माइकवरचा निवेदक हे थांबवायच्या ऐवजी "आता येतोय आफ्रिकन तुफान" असं ओरडत होता. आणि वर ते पंच. हा "कबड्डी कबड्डी" म्हणत गेला की पंच पाठोपाठ कान लावून चालायचे, जसा काही चोर बोलतोय. दोनदा त्यांनी शिटी वाजवली. दम नीट ऐकू येत नाही, शब्द स्पष्ट नाही, समोरच्यांना तांत्रिक गुण. याला कबड्डी हा शब्द म्हणता येणार नाही असं त्या गृहस्थांच्या मनाने आधीच ठरवलं होतं. दादा कट्ट्यावरून उठून भांडायला निघाले तर याने हातानेच थांबवलं.

पुढच्या चढाईला तो गेला. दोघांना बाद करून परत आपल्या हद्दीत आला. चढाई संपली होती, पण याचा दम संपला नव्हता. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" म्हणत तो तसाच चालत राहिला, पंचांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणत राहिला. एकेक अक्षर खणखणीत. पंच एक पाऊल मागे सरले. माकडांचे आवाज काढणारे आधी हसले, मग गप्प झाले. सगळं मैदान त्या एका श्वासाकडे बघत बसलं. शेवटी पंच कसंनुसं हसून म्हणाले, "पुरे, पुरे. ऐकू आलं." तेव्हा कुठे त्याने तोंड मिटलं, वाकून नमस्कार केला आणि जाग्यावर जाऊन उभा राहिला. प्रेक्षकांतून टाळ्या उठल्या, त्याही त्याच बाजूने, जिथून केळं आलं होतं. त्या टाळ्यांचा मला तेव्हा आनंद झाला. नंतर विचार केला तेव्हा राग आला. आपल्याच शब्दाचा पुरावा द्यायला एखाद्याला जीव जाईपर्यंत श्वास रोखावा लागतो आणि मग आपण उदार होऊन टाळ्या देतो.

त्यानंतर त्याला कुणी डिवचलं नाही असं नाही, पण कमी झालं. कंपनीच्या प्रशिक्षकानेही त्याला निमूटपणे चढाईला लावलं. जिल्ह्यात त्याचं नाव झालं. पोरं त्याच्यासोबत फोटो काढायला यायची. गावात त्याच्या नावाचा फलक लागला, दादांच्या फोटोखाली.

त्याची स्वतःची मागणी मात्र एकच होती आणि ती त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बोलून दाखवली. मी ओट्यावर वाल सोलत होते. हा येऊन बसला, मूठभर शेंगा ओढून सोलायला लागला आणि म्हणाला, "वैनी, दादांना सांगून बघा की. आपल्या गावच्या स्पर्धेत एकदा नाणेफेकीला मला जाऊ दे."

मला आधी कळलंच नाही. नाणेफेकीला जातो तो कर्णधार. तोपर्यंत कर्णधार होता माझा चुलतदीर. बोनस रेषेला पाय लावून परत पळून येण्यापलीकडे त्याने मैदानात कधी काही केल्याचं मला आठवत नाही, आणि खरा संघ चालवायचा तो आमचा हा भाडेकरूच, कान खाजवून नाहीतर पायाने माती उकरून पोरांना खुणा करत. म्हणजे काम आधीच करत होता. मग मान कशाला हवा?

"मान नको," तो म्हणाला. "नाणेफेकीला कप्तान गेला की माइकवर काय बोलतात? आधी नाव, मग गाव. अमुकतमुक, कर्णधार, आणि गावाचं नाव. मला ते एकदा ऐकायचंय. इथं आलो तर म्हणतात आफ्रिकेचा. आमच्या हल्याळच्या बाजारात गेलो तर तिथं बी विचारतात, कुठनं आलास बाबा? माझ्या पणज्याचा पणजा तिथं मेलाय. मला कुठल्या तरी गावाचा म्हणा की एकदा. मोठ्यानं म्हणा."

एवढं बोलून तो शेंगा सोलत राहिला. मी त्याच दिवशी दादांशी बोलले. दादा म्हणाले, "देऊ की. त्याच्याबिगर कोन हाय? पुढच्या वरसाला देऊ."

पुढच्या वर्षी विचारलं तर म्हणाले, "अगं, त्यो मॅचच्या दिसाला तोंड उघडत न्हाय. मुका कप्तान कुठं असतो काय?" मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कप्तान केला तर बोलेन की. सकाळपासून बोलेन." मी परत दादांकडे गेले. तेव्हा दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि खरं कारण सांगितलं. ते कारण वाईट मनातून आलेलं नव्हतं, म्हणून जास्त वाईट होतं. "सुनबाय, बाहेरच्या गावाची मानसं काय बोलतील? ह्यांच्या गावात मानसं संपली काय? खेलाला घेतला ते ठीक, पन पुढारी पन त्योच? त्यालाच तरास होल. मी हाय ना त्याच्या पाठीशी. त्याला कप्तान कशाला व्हाया पायजे? त्यो आपलाच हाय."

मी म्हटलं, "दादा, आपलाच आहे हे तुम्ही मला घरात सांगताय. त्याला ते मैदानात ऐकायचंय." दादा चिडले. मास्तरीण आहेस तर शाळेत शिकव, कबड्डी मला शिकवू नको म्हणाले. त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही, मॅच नसतानासुद्धा.

तिसऱ्या वर्षी मात्र दादांनी शब्द दिला. माझ्यासमोर, त्याचा हात हातात घेऊन. या वर्षी तूच. त्याने हल्याळहून आईला बोलावून घेतलं. म्हातारी दोन दिवस एसटीने आली, सोबत जंगलातल्या मधाची बाटली. इथे बाजारात मिळतो तो मध नाकाला लावून बघितला आणि लेकाला म्हणाली, हा गुळाचा पाक आहे. दादांच्या हातात बाटली देऊन त्यांच्या पाया पडली. त्यांच्याहून वयाने ती मोठीच असेल.

सामन्याच्या दिवशी तो सकाळी उठला आणि बोलायला लागला. दुधवाल्याशी बोलला, माझ्या नवऱ्याशी बोलला, आईला कोकणीत काय काय सांगत होता. मला त्याची ती बडबड ऐकून इतकं बरं वाटत होतं की मी भाजीत दोनदा मीठ टाकलं.

मैदानात निवेदकाने दोन्ही कर्णधारांना बोलावलं आणि आमच्या गावच्या नावाआधी माझ्या चुलतदिराचं नाव घेतलं. आदल्या संध्याकाळी मंडळाच्या चार ज्येष्ठांनी दादांना गाठलं होतं. पाहुणे म्हणून मोठी माणसं येणार आहेत, यूट्यूबवर लाइव्ह जाणार आहे, आणि आपल्या गावाचा चेहरा म्हणून हा? दादा त्यांच्यापुढे नाही म्हणू शकले नाहीत. आणि ते त्याला सांगायचं धाडसही त्यांना झालं नाही. तो रांगेतून एक पाऊल पुढे आला होता. ते त्याने मागे घेतलं. मी बायकांच्या बाजूला त्याच्या आईशेजारी बसले होते. म्हातारीला मराठी फारसं कळत नव्हतं. तिने मला खुणेने विचारलं, आता का? मी म्हटलं, थोड्या वेळाने.

तो सामना त्यानेच जिंकून दिला. कसा खेळला म्हणून लोक वर्षभर बोलत होते. मी बघितला नाही, माझी मान वर होत नव्हती.

आठवड्याभरात त्याने खोली सोडली. सोडण्याआधी भिंतींना चुना मारला, नळाची गळती बंद केली, मोरी घासून लख्ख केली. दादा बाहेर झोपाळ्यावर बसले होते. "अरे पोऱ्या, रागावलास काय? पुढच्या वरसाला तूच. माझ्या गल्याची आन." तो त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, पुढची वर्षं तुमच्याकडं भरपूर हायत. मला हे एक पायजे होतं." मला म्हणाला, "येतो वैनी." येतो म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाला.

पडघ्याच्या मंडळाने त्याला खोली दिली हे आम्हाला महिन्याभराने कळलं. हायवेवरचं गाव, ट्रक, बस, दहा प्रांतांची माणसं रोज येणारी-जाणारी. त्यांना म्हणे त्याच्या रंगाचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी पोट दुखण्याइतकं नाही वाटलं. त्याने पहिल्याच बैठकीत आपली अट सांगितली आणि त्यांनी ती चहा संपायच्या आत मान्य केली. आम्ही तीन वर्षं ज्या गोष्टीचा एवढा बाऊ केला ती इतकी सोपी होती हे ऐकून मला रडू आलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, पण त्याने कुठे समाधान मिळतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पडघा आलं. रात्री माइक लावायला बंदी आल्यामुळे सामने दिवसाच होते, आणि उन्हं कलायला लागली तेव्हा निवेदकाने कर्णधारांना बोलावलं. नाणं उडवायला अध्यक्ष म्हणून दादा मध्यरेषेवर उभे. निवेदकाने त्याचं नाव घेतलं, आडनाव घेतलं, मग म्हटलं, "कर्णधार, पडघा!" टेम्पो भरून आलेल्या पडघ्याच्या माणसांनी जो जल्लोष केला त्याने आमचा मंडप हलला. तो चालत आला. किंचित जाड झाला होता, गुडघ्याला पट्टा होता. दादांनी नाणं उडवलं आणि ते त्यांच्या हातून निसटून लांब जाऊन पडलं. त्यानेच वाकून उचलून त्यांना परत दिलं.

पडघा जिंकलं. चषक द्यायची वेळ आली तेव्हा दादांनी एक हात त्याच्या खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या हाताने माइक घेतला. "ह्यो पोऱ्या आपला हाय," ते म्हणाले. "आपल्या गावच्या मातीत शिकला. आज कप पडघ्याला गेला आसं कोनी समजू नका. त्यो आपल्याच घरात ऱ्हायलाय. ह्यो आपल्या गावचाच!"

आमच्या सगळ्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. मंडळाचे ते चार ज्येष्ठसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याने टाळ्या संपू दिल्या. मग दादांकडे माइक मागितला आणि घेण्याआधी त्यांच्या पायाला हात लावला.

"चढाई मला दादांनी शिकवली," तो म्हणाला. "मरेपर्यंत विसरणार नाय. पण मी पडघ्याचा."

आणि माइक परत त्यांच्या हातात ठेवला.

घरी येताना मी दादांच्या शेजारी चालत होते. रस्त्यात भेटणारी माणसं तोंड वाकडं करून म्हणत होती, बघा दादा, जात दाखवली शेवटी, एवढं केलं त्याचं. दादा न थांबता पुढे चालत राहिले. मला वाटलं, घरात शिरल्यावर भडकतील. ते झोपाळ्यावर बसले, पायातल्या चपला काढायचंही त्यांना सुचेना. मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"बरोबर बोलला त्यो," ते म्हणाले. "आपला हाय ह्ये मी तवा बोलाया पायजे होता, सुनबाय. त्याची आय बसली होती तवा."